खरवडलेलं साल

लवटे गुरुजींनी चपला दाराबाहेर काढल्या, तेव्हाच मी ओळखलं की हे काहीतरी मागायला आलेत. एकतीस वर्षं ते या शाळेत चपला करकर वाजवत फिरले. ऑफिसच्या उंबऱ्याशी वाकून चपला काढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. एप्रिल संपत आलेला, अकरा वाजताच पत्रा तापायला लागला होता. पोरं गेली, दोघी शिक्षिका एसटी गाठायला पळाल्या, आणि मी पेपरांचे गठ्ठे बांधत ऑफिसात एकटीच होते.

"येऊ का, बाई?"

सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांनी मला कधी बाई म्हटलं नव्हतं. कौशे म्हणायचे, नाहीतर बंडगराची थोराड. अकराव्या वर्षी मी आईच्या खांद्याला लागले होते, त्याचं हे बक्षीस.

"या," मी म्हटलं. बसा म्हटलं नाही.

गुरुजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, धोतर नेहमीसारखं पांढरंशुभ्र, गळ्यात दोरीला बांधलेला मोबाईल. दाढी मात्र दोन दिवसांची वाढलेली होती.

"स्वप्नालीचं कानावर आलं असेल तुमच्या."

आलं होतं. गावात कुणाच्या आलं नव्हतं? स्वप्नाली त्यांची नात, थोरल्या लेकाची. मधे एक वर्ष वाया गेलं, यंदा बारावीची परीक्षा दिली आणि परवा पहाटे बोअर मारायच्या गाडीवरच्या माणसाबरोबर निघून गेली. माणूस पस्तिशीचा, गावाकडे बायको असलेला.

"सापडली?" मी विचारलं.

"सापडली. दोघं तालुक्याला ठाण्यात आहेत. लेक माझा तिथंच बसलाय. पण फौजदार म्हणतो, पोरगी सज्ञान आहे. दाखल्यावर एक जून नव्वद आहे. अठरा उलटून दहा महिने झाले. ती म्हणते मी माझ्या खुशीनं आले, मग आम्ही काय करणार?" गुरुजींनी घसा खाकरला. "ती सतराची आहे, बाई. ब्याण्णवच्या जत्रेत झाली. आजोळी, घरातच. नोंदसुद्धा नाही कुठं."

"मग दाखल्यावर नव्वद कसं आलं?"

मला माहीत होतं. मला त्या शाळेतलं पानन्‌पान माहीत होतं.

"फौजदार भला माणूस आहे," ते म्हणाले. "दोन वाजेपर्यंत बसवून ठेवतो म्हणालाय. तोवर शाळेचा कागद आणा, की मूळ नोंद चुकीची आहे. कागद हातात आला की तो पोरीला आमच्या ताब्यात देणार आणि त्याला आत घेणार. नाही आला तर दोनला सोडणार." बाहेर कडुनिंबाखाली त्यांचा शेजारी मोटारसायकल घेऊन थांबला होता. "इथून पाऊण तास लागतो. सव्वा वाजता निघालो तरी पुरे."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ भरपूर होता. मला ते गोड वाटलं, हे मी आता लपवत नाही. तेवीस वर्षं मी याच सकाळची वाट पाहत होते.

मी उठले, कपाट उघडलं आणि जनरल रजिस्टर काढलं. शाळेत घातलेल्या प्रत्येक पोराचं नाव, जात, जन्मतारीख ज्यात लिहितात ते. पण स्वप्नालीचं नाव होतं ते नाही. त्याच्या आधीचं, खाकी कापडाच्या बांधणीचं. खुणेची चिठ्ठी मी तीन वर्षांपूर्वीच घालून ठेवली होती, मुख्याध्यापिका म्हणून या शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी. लोक बदली टाळायला देव पाण्यात घालून बसतात. मी सोनगीवाडी, हीच शाळा, मागून घेतली होती.

"वाचा," मी पान त्यांच्यापुढे उघडलं.

त्यांनी चष्मा लावला. "बाई, हे रजिस्टर नाही. शहाण्णवचं पाहिजे."

"वाचा तर खरं. अठ्ठावीस नंबर."

"बंडगर कौसल्या ज्ञानू," त्यांनी वाचलं आणि आवाज उतरला. "एक सहा साठ."

"साठ. आता पान उजेडाकडे धरा."

त्यांनी धरलं नाही. मग मीच रजिस्टर उचलून खिडकीशी नेलं. बाकीचं पान जाड होतं, पिवळट. सालाच्या जागी मात्र कागद इतका पातळ झाला होता की पलीकडचा निंब दिसत होता. पूर्वी शाई खोडायची ती ब्लेडनं. हलक्या हातानं खरवडायचं, मग नखानं घासून गुळगुळीत करायचं आणि वर नवं लिहायचं. गुरुजींचा त्यात हात बसलेला होता. पोरांच्या वह्यांवर ते आम्हाला ही कला शिकवायचे.

"मी सहासष्टच्या श्रावणातली," मी म्हटलं. "एकोणऐंशीच्या वैशाखात तुम्ही माझी अठरा पुरी केलीत."

"अगं, त्या वेळी—"

"त्या वेळी काय?"

त्या वेळी असं होतं. माझा बाप गेलेला. चुलत्याला दोन तोंडं जड झाली होती, आईचं आणि माझं. स्थळ आलं ते बत्तिशीच्या बिजवराचं. कायदा नुकताच अठराचा झाला होता आणि पोलीस पाटील भित्रा होता, कागद मागत होता. चुलता गुरुजींकडे गेला. गुरुजींना काय मिळालं, तर एक धोतरजोडी आणि त्या वर्षीच्या जत्रेत मानाचा नारळ. मला तेरावं लागलेलं. हळद लागली तेव्हा मी सागरगोट्यांची पिशवी कमरेला खोचली होती, सासरी खेळायला मिळेल म्हणून. पंधराव्या वर्षी पोटातलं मूल पोटातच गेलं, मी कशीबशी वाचले. अठरा खरी खरी पुरी व्हायच्या आत नवऱ्यानं मला माहेरच्या वाटेला लावलं. वांझ म्हणून.

"तू थोराड होतीस," गुरुजी म्हणाले. आता 'तुम्ही' सुटलं होतं. "बघणाऱ्याला अठराचीच वाटायचीस."

"तुम्ही बघणारे नव्हता, गुरुजी. मला पहिलीत तुम्हीच घातलंत. डोक्यावरून हात नेऊन कान धरायला लावलात, हात पोचला तेव्हा सहा वर्षं लिहिलीत. तुम्हाला माझं वय चुलत्यापेक्षा जास्त माहीत होतं."

गुरुजींच्या गळ्यातला मोबाईल वाजला. लेकाचा होता. "होय, होय," ते म्हणाले, "शाळेतच आहे. बाई देतायत."

बाई देत नव्हत्या. बारा वाजत आले होते.

"शहाऐंशी साल आठवतं?" मी विचारलं. "मी आणि आई आलो होतो. मी वीस वर्षांची पोर, कागदावर सव्वीस. मला दहावी-बारावी करून डीएडला जायचं होतं आणि वयाची अट आडवी येत होती. तुमच्याच हातची चूक, तुमच्याच हातानं दुरुस्त करा म्हणायला आलो होतो. तुम्ही आम्हाला प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत बाहेर ओट्यावर उभं केलंत. मग आत बोलावलंत. आईनं तुमचे पाय धरले. काय म्हणालात?"

"एवढं जुनं कुणाला आठवतंय."

"मला आठवतंय. म्हणालात, रजिस्टर म्हणजे ब्रह्मलिखित, त्यात खाडाखोड चालत नाही."

मी त्यांना ते वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं, शेवटचा 'नाही' लांबवून. शाळेत असताना मी त्यांची नक्कल छान करायचे.

गुरुजी खुर्चीत बसले. मी बसा म्हटलं नव्हतं, तरी बसले. "कौशे, तुझं बरोबर आहे. माझं चुकलं. आता पोरीचं बघ."

एवढं बोलले तिथं मी थांबायला हवं होतं. पण 'माझं चुकलं' हे ते इतक्या घाईत बोलले, की पंक्तीत पाय लागल्यावर माणूस म्हणतो तसं वाटलं. मला ते पुरलं नाही.

मी दुसरं रजिस्टर काढलं. शहाण्णव सालचं पान उघडलं. लवटे स्वप्नाली. तिथंही कागद पातळ होता. हेही मी पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवलं होतं, कधीतरी लागेल म्हणून.

"पट कमी पडत होता," गुरुजी आपणहून सांगू लागले. "दोन पोरं कमी पडली असती तर एक शिक्षक उचलणार होते. मग घरचीच घातली. सव्वाचार वर्षांची होती. आधी खरं साल लिहिलं, मग साहेबांच्या तपासणीत अडकलं असतं म्हणून... तिचा हात कानाला पोचत होता गं. लांब हाताची आहे ती."

"माझाही पोचत होता."

मी कोरे कागद त्यांच्यापुढे सरकवले, पेन ठेवलं. "दोन कागद लिहायचे. एक तिचा, एक माझा. दोन्हीवर तुमचं नाव, तुमची सही, आणि मी जाणूनबुजून खोटी तारीख लिहिली हे वाक्य. मग मी माझं पत्र देते, खाडाखोड दिसते म्हणून."

"तू नुसतं लिही ना, लेखनिकाच्या नजरचुकीनं म्हणून."

"या शाळेला लेखनिक कधी होता?"

त्यांनी नातीचा कागद लिहिला. अक्षर अजून सुरेख होतं, मोत्यासारखं, मात्र सहीपाशी हात थांबला. तालुक्याच्या निवृत्त शिक्षक संघाचे ते अध्यक्ष होते, सव्वीस जानेवारीला याच शाळेत झेंडा त्यांच्या हस्ते व्हायचा. पण नातीसाठी सही केली. साडेबारा झाले होते. त्यांनी कागद पुढे केला.

"दुसरा," मी म्हटलं.

"दुसऱ्याचा आता काय उपयोग? तुझी नोकरी लागली, हेडबाई झालीस. गेलं ते गेलं."

"मग पहिलाही राहू द्या."

"कौशे, पोरीचं आयुष्य आहे."

"माझं काय होतं?"

मोबाईल पुन्हा वाजला. त्यांनी उचलला नाही. तो त्यांच्या गळ्यात वाजत राहिला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो, एकोणसत्तरचे ते आणि बेचाळीसची मी. ते सही न करता किती वेळ बसू शकतात हे मी बघत होते, आणि मी कधी नरमते हे ते बघत होते. शाळेच्या मागं पोरं गोट्यांवरून अशीच हटून बसतात. दहा-बारा मिनिटं तरी गेली असतील. त्या दहा-बारा मिनिटांत आमच्या दोघांच्या मनात ती पोर कुठेच नव्हती, हे मी शपथेवर सांगते.

शेवटी त्यांनी पेन उचललं. बंडगर कौसल्या ज्ञानू हिची खरी जन्मतारीख मला माहीत असताना. एवढं लिहून ते माझ्याकडे बघू लागले. पुढचं वाक्य मी सांगितलं, त्यांनी शुद्धलेखन घातल्यासारखं ते उतरवलं. सही केली. एक वाजून पाच मिनिटं.

माझं झालं होतं. माझं पत्र मी चार ओळींत लिहिलं. जावक रजिस्टरला नंबर टाकला. राहिला तो शिक्का.

शिक्का टेबलावरच होता. माझ्या डाव्या हाताशी, पॅडच्या डबीवर पालथा. मला दिसत होता. मी पहिला खण ओढला, शोधला. दुसरा ओढला. उठून कपाटातले डबे काढले, खडूंचा, पिनांचा, तुटलेल्या घंटेचा लोलक ठेवलेला. एकेक उघडून पाहिला. परत येऊन पहिला खण पुन्हा ओढला. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, गुरुजी उभे राहिले होते. हात जोडलेले होते. माझी आई त्या ओट्यावर किती वेळ उभी होती हे मला मिनिटामिनिटाच्या हिशेबानं माहीत होतं, आणि त्यांनी थोडातरी वेळ तसंच उभं राहावं, एवढंच मला हवं होतं.

मग मला शिक्का सापडला. मी तो उमटवला, कागद घडी घालून दिला. गुरुजी चपला हातात घेऊनच मोटारसायकलकडे पळाले. घड्याळात एक वाजून तीस मिनिटं झाली होती.

तीन वाजता कळलं. ते ठाण्यात पोचले सव्वादोनला. फौजदारानं दोनला पाच मिनिटं वाढवून दिली, मग दहा. त्या माणसानं कायद्याची भाषा केली, वकिलाला फोन लावला. शेवटी सोडलं. गुरुजींना घेऊन मोटारसायकल ठाण्याच्या फाटकात शिरली तेव्हा दोघं समोरच्या रस्त्यावरून माणसं कोंबून भाड्यानं नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसून गेलेले होते. कागद बघून फौजदारानं लगेच मागावर माणसं पाठवली, पण राज्याची सीमा जवळ. एकदा पलीकडे गेलं की माणूस काय आणि जीप काय.

स्वप्नाली चौथ्या दिवशी सापडली. विजापूरच्या एसटी स्टँडवर, एकटी. तो माणूस पहिल्याच रात्री तिच्या कानातलं घेऊन गेला होता. तीन दिवस ती स्टँडवर राहिली, फलाट झाडणाऱ्या एका बाईनं तिला पाठीशी घातलं, भाकरी दिली. पायांत चपला नव्हत्या म्हणे. तिच्यावर काय काय गुदरलं हे मी विचारलं नाही, विचारायला मला तोंड नव्हतं. गावानं मात्र न विचारताच सगळं ठरवून टाकलं.

गुरुजी त्यानंतर शाळेकडे फिरकले नाहीत. संघाचं अध्यक्षपद सोडलं. माझा सूड पुरा झाला होता, अगदी मनासारखा. त्या उन्हाळ्यात मला एकही दिवस अन्न गोड लागलं नाही.

जूनच्या मध्याला वरच्या ऑफिसचा आदेश आला, स्वप्नालीची तारीख दुरुस्त करावी म्हणून. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली. मधल्या सुट्टीत. उंच, लांब हातांची, केस घट्ट बांधलेले. मला वाटलं होतं पोर मोडली असेल. ती खुर्ची ओढून समोर बसली.

"बाई, नवा दाखला पाहिजे. नर्सिंगचा फॉर्म भरायचाय. शनिवारी शेवटची तारीख."

"घरचे पाठवतायत?"

"बाबा नको म्हणत होते. आजोबांनी पाठवायचं ठरवलं." ती थांबली. "म्हणजे मी ठरवलं. आजोबा हो म्हणाले."

मी रजिस्टर काढलं. तिनं पान आपल्याकडे वळवून घेतलं, सालावर बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुमचं पण असंच आहे ना? आजोबांनी सांगितलं."

"काय काय सांगितलं?"

"सगळंच. दोन कागद लिहून घेतलेत ते. त्यांचं म्हणणं, शिक्का टेबलावरच होता. तुमच्या डाव्या हाताशी. त्यांना दिसत होता, पण बोलायची छाती झाली नाही."

माझे हात रजिस्टरवर तसेच राहिले. बाहेर पोरं पाण्याच्या टाकीशी भांडत होती. मी म्हटलं, "आणखी कुणाला सांगितलं त्यांनी?"

"बाबांना सांगायला निघाले होते. बाबांनी तुम्हाला इथं राहू दिलं नसतं. मी म्हटलं, आजोबा, तुम्हाला चष्म्यानंसुद्धा नीट दिसत नाही, शिक्का खरंच हरवला असंल. बाबांना, गावाला, सगळ्यांना तेच सांगितलंय. बाईंना शिक्का सापडंना म्हणून उशीर झाला."

"का सांगितलंस असं?"

तिनं जरा विचार केला. तिच्या कानाच्या पाळ्या मोकळ्या होत्या, त्यांत कडुनिंबाच्या काड्या घातलेल्या होत्या, भोकं बुजू नयेत म्हणून.

"गेले मीच होते ना, बाई. माझ्या पायानं. ते मी कुणावर ढकलत नाही. पण तुम्ही दोघं दुपारभर भांडत बसलात, आणि मी तिकडं बाकावर बसून घड्याळ बघत होते. बारा वाजल्यापासनं मला परत यायचं होतं. तो फौजदारांना वकिलाचं नाव सांगायला लागला तेव्हाच मला कळलं होतं, हा कसला आहे ते. पण तोंडानं सांगायची लाज वाटली. वाटलं, आजोबा कागद घेऊन येतीलच."

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. चुकलं म्हणावं तर ते गुरुजींसारखंच घाईत निघालं असतं.

"स्वप्नाली," मी म्हटलं, आणि पुढं काही आलं नाही.

ती वाट बघत बसली, मग तिनंच मला सोडवलं. "तुमचं आणि आजोबांचं मिटलं असंल तर माझा दाखला देता का? साडेबाराची एसटी आहे."

माझ्या ओळीबद्दलचा तो कागद मी पुढं कुठेच दिला नाही. कागदावरच्या वयानं वेळेआधी सहा वर्षं निवृत्त झाले, तरी दिला नाही. तो अजून ट्रंकेत आहे. स्वप्नाली आता मिरजेला मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे, गुरुजींचं शेवटचं दुखणं तिनंच काढलं.

त्या दिवशी मी दाखला लिहिला. जन्मतारीख अंकी लिहिली, मग अक्षरी लिहिली. ती डोकं वाकवून प्रत्येक अक्षर वाचत होती. सही केली आणि हात डावीकडे नेला. शिक्का तिथंच होता, लगेच सापडला.